संशोधन, समृद्धी आणि आपले बेणे



मागच्या महिन्यात एका गटाच्या ऊस मेळाव्यात आम्ही बेणे बदलाविषयी बोलत होतो. बोलणे संपल्यावर मागच्या रांगेतील एक तरुण सभासद उभे राहिले. म्हणाले, "साहेब, शास्त्रीय निबंधांच्या संख्येत भारत जगात तिसरा आहे असं वाचलं. मग माझ्या एकराचं टनेज वडिलांच्या काळापासून आहे तिथंच का?" त्यावर पुढे बसलेले एक वडीलधारे सभासद मागे वळून म्हणाले, "अरे बाबा, निबंध सरीत पुरला म्हणून त्याला डोळे फुटतात व्हय?" सगळा मांडव हसला. आम्हीही हसलो. तथापि घरी जाताना तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. येत्या वार्षिक सभेत ऊस विकास खात्याच्या खर्चाचा विषय निघणार आहे आणि 'प्रयोग प्लॉट, माती परीक्षण, बेणे मळा यांवर पैसे घालून सभासदांना काय मिळते' असा सूर काही गटांतून कानावर येतो आहे. म्हणून त्या तरुणाच्या प्रश्नाला आमच्या परीने येथे उत्तर देत आहोत. आम्ही शास्त्रज्ञ नव्हे. कृषी पदविका घेऊन बांधावर उमेदवारी केलेली माणसे आहोत. पण शास्त्रज्ञ आणि शेतकरी यांच्या मधल्या वाटेवर आमचा रोजचा राबता आहे, आणि नेमकी ती वाटच या प्रश्नाचे उत्तर आहे असे आमचे मत आहे.

आधी ऊस, मग कारखाने

देश श्रीमंत झाला म्हणजे संशोधन वाढते, की संशोधन वाढले म्हणजे देश श्रीमंत होतो, हा वाद मोठमोठे अर्थशास्त्री घालतात. आपल्याला त्यासाठी दूर जायला नको. उसाचाच इतिहास पाहू.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी उत्तर हिंदुस्थानात बोटाएवढा बारीक देशी ऊस होता आणि आपल्या दख्खनच्या कालव्यांवर पुंड्यासारखा जाड ऊस होता. उसाच्या तुऱ्यात उगवणारे बी असते हेच मुळी १८८८ च्या सुमारास जावा बेटात आणि बार्बाडोसमध्ये पक्के समजले. तोवर नवा ऊस 'तयार' करता येतो ही कल्पनाच नव्हती. १९१२ साली कोइमतूर येथे ऊस पैदास केंद्र निघाले. जागा कोइमतूरची का? तर तिथल्या हवेत उसाला तुरा चांगला येतो आणि बी धरते. डॉ. बार्बर आणि त्यांचे सहकारी टी. एस. वेंकटरामन यांनी जाड गोड उसाचा संकर नदीकाठी उगवणाऱ्या, पांढऱ्या तुऱ्याच्या रानटी गवताशी घडवला. हिंदीत त्याला कांस म्हणतात. गोडवा एकाकडून घेतला आणि काटकपणा दुसऱ्याकडून. त्यातून निघालेली को. २०५ ही जात १९१८ साली पंजाबसाठी बाहेर पडली. मागोमाग को. २१३ ने बिहार आणि आजचा उत्तर प्रदेश व्यापला. पुढे को. २८१ आणि को. २९० या जाती तर थेट अमेरिकेत लुइझियानाच्या शेतात गेल्या. पारतंत्र्यातल्या गरीब देशातून हे संशोधन झाले, हे ध्यानात ठेवावे.

आता दुसरी बाजू. १९३० च्या सुमारास हाच देश वर्षाला दहा लाख टनांच्या आसपास साखर बाहेरून, मुख्यतः जावातून, आणत होता. साखर कारखाने होते उणेपुरे तीस. १९३२ साली सरकारने परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसवली आणि पाच-सहा वर्षांत कारखाने एकशेतीसच्या वर गेले. आयात जवळजवळ थांबली. कोणी म्हणेल, ही करामत जकातीची. कोणी म्हणेल, कोइमतूरच्या उसाची. आम्ही म्हणतो, दोन्हीची. नवा ऊस चौदा वर्षे आधी शेतात आला नसता, तर जकातीच्या आड बारीक देशी ऊसच गाळला असता आणि साखर महागच राहिली असती. आणि जकात नसती, तर कोइमतूरचा ऊस गुऱ्हाळात जाऊन गुळाच्या ढेपा वाढल्या असत्या, कारखाने निघाले नसते. गाडी चालायला दोन्ही बैल जुंपावे लागतात.

जावाची गोष्ट

संशोधन पुष्कळ आणि तरी समृद्धी नाही, असेही घडते. त्याचा दाखला जावाचा.

डच लोकांच्या ताब्यातील जावा बेटात १८८० च्या दशकात 'सेरेह' नावाच्या रोगाने उसाची धूळधाण केली. मळेवाल्यांनी पासुरुआन येथे संशोधन केंद्र काढले. तेथे पी.ओ.जे. २८७८ ही जात तयार झाली. तिचा संकर १९२१ सालचा, आणि त्या दशकाच्या अखेरीस जावाचे बहुतेक उसाचे क्षेत्र तिच्याखाली आले. ऊसशास्त्रात त्या काळी जावाच्या तोडीचे जगात कोणी नव्हते. आपल्या जुन्या सभासदांच्या घरात को. ४१९ चे नाव अजून निघते. ती को. ४१९ या पी.ओ.जे. २८७८ चीच लेक, कोइमतूरला को. २९० शी संकर करून काढलेली.

पण जावातले कारखाने डच कंपन्यांचे, जमीन गावकऱ्यांची खंडाने घेतलेली आणि शेतकरी तिथे मजूर. जात सुधारली, टनेज वाढले, त्याचा नफा समुद्रापार गेला. १९२९ नंतर जगभर मंदी आली, हिंदुस्थानची बाजारपेठ जकातीने बंद झाली आणि सुमारे तीस लाख टनांचे उत्पादन पाच-सहा वर्षांत पाच-सहा लाख टनांवर घसरले. धुराडी थंड पडली. ज्या देशाने जगाला ऊस पैदास करायला शिकवले, तो इंडोनेशिया आज साखर आयात करणाऱ्या मोठ्या देशांत मोडतो.

आपल्याकडे उलट झाले. १९३२ साली सातारा जिल्ह्यात पाडेगाव येथे ऊस संशोधन केंद्र निघाले. को. ४१९ आणि तिच्यामागून को. ७४० या जातींनी दख्खनचे कालवे हिरवे केले. १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरला शेतकऱ्यांच्या मालकीचा कारखाना उभा राहिला. ऊस शास्त्राचा आणि कारखाना शेतकऱ्यांचा. वाढलेल्या टनेजाचा पैसा गावात राहिला. त्यातून शाळा निघाल्या, दवाखाने निघाले, पाणीपुरवठ्याच्या योजना झाल्या. जावात आणि आपल्यात शास्त्राचा फरक नव्हता. शास्त्राचे पीक कोणाच्या खळ्यावर पडले, हा फरक होता.

तिसरा क्रमांक आणि पाऊण टक्का

आता त्या तरुण सभासदांच्या आकड्याकडे येऊ. निबंधांच्या संख्येत चीन आणि अमेरिका यांच्यामागे आपला देश तिसरा आहे, ही गोष्ट खरी. ती अभिमानाचीही आहे. पण संशोधनावर होणारा एकूण खर्च २०२०-२१ साली राष्ट्रीय उत्पन्नाच्या शेकडा ०.६४ होता, म्हणजे पाऊण टक्कासुद्धा नाही. चीन दोन टक्क्यांच्या पुढे आहे, दक्षिण कोरिया साडेचारच्या पुढे. कोरियाने १९६६ साली आपली पहिली मोठी विज्ञान-तंत्र संस्था काढली तेव्हा तो देश गरीबच होता. 'आधी श्रीमंत होऊ, मग संशोधन करू' असे त्यांनी म्हटले नाही. आणखी एक फरक आहे, तो कोणी फारसा सांगत नाही. कोरियात हा बहुतेक खर्च उद्योगधंदे स्वतः करतात. आपल्याकडे मोठा वाटा सरकारचा असतो. उद्योगाने पैसा घातला की तो विचारतो, 'याचा उपयोग काय? कधी मिळणार?' म्हणून तिथला निबंध लवकर कारखान्यात पोचतो.

साखर कारखाना हाही उद्योगच. आणि तो आपला आहे. सरकारने संशोधनावर जास्त खर्च करावा ही मागणी आपण जरूर करावी. पण ऊस विकासाचा खर्च कापा असा ठराव मांडून नंतर 'देश मागे का' असे विचारण्यात अर्थ नाही.

पोत्यातला निबंध

निबंधाला डोळे फुटत नाहीत असे ते वडीलधारे म्हणाले. अर्धे खरे आहे. उरलेले अर्धे आम्ही सांगतो.

लागणीच्या वेळी टिपरी बुडवायला तुम्ही ॲसेटोबॅक्टर नेता. हवेतला नत्र उसाला मिळवून देणारा हा जिवाणू. १९८८ साली ब्राझीलमध्ये योहाना डोबेराइनर या बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्यावर निबंध लिहिला, की उसाच्या अंगातच हा जिवाणू राहतो आणि नत्र धरतो. त्या निबंधाची पुढे आपल्याकडे पोती झाली. दहा किलो ॲसेटोबॅक्टर आणि सव्वा किलो स्फुरद विरघळविणारे जिवाणू शंभर लिटर पाण्यात, टिपरी अर्धा तास बुडवायची, अशी शिफारस आली. युरियाची बचत होते. म्हणजे निबंधालाही डोळे फुटतात!

पण आमचा अनुभव काय? ते पोते कोणी दुकानाबाहेर उन्हात ठेवलेले घेते, कोणी घरी पत्र्याच्या खोलीत महिनाभर ठेवते. कोणी बुरशीनाशकाच्याच पाण्यात जिवाणू कालवते. जिवाणू मेला. मग म्हणायचे, 'काय फरक पडला नाही बुवा.' ब्राझीलपासून आपल्या तालुक्यापर्यंत शास्त्र आले आणि शेवटच्या शंभर पावलांत मेले. देशाच्या आकडेवारीत हे मरण कुठेच दिसत नाही.

एका जातीची चढण आणि उतरण

अलीकडचा मोठा दाखला उत्तर प्रदेशाचा. कोइमतूरच्या संस्थेच्या कर्नाल केंद्रात डॉ. बक्षी राम यांनी को. ०२३८ ही जात काढली. २००९ साली ती प्रसारित झाली. दहा वर्षांत त्या राज्याच्या ऐंशी टक्क्यांहून जास्त उसावर तीच दिसू लागली. साखर उतारा नऊच्या आसपास रेंगाळत होता, तो २०१८-१९ साली अकराच्या पुढे गेला. एका केंद्रातल्या मूठभर माणसांच्या कामाने एका राज्याची ऊसशेती उचलली गेली. संशोधनाने आर्थिक विकास होतो का, असे विचारणाऱ्याला एवढे उत्तर पुरे.

पण पुढे काय झाले, तेही ऐका. सगळीकडे एकच जात, वर्षानुवर्षे तेच बेणे, नवे लावायला कोणी तयार नाही. लाल कूज रोगाच्या बुरशीचा नवा प्रकार आला आणि त्याने हीच जात धरली. फड पिवळे पडू लागले आणि मग नव्या जातींच्या बेण्यासाठी धावाधाव झाली. संशोधन एकदा झाले की झाले, असे नसते. ऊस बदलतो तशी बुरशीही बदलते.

आपल्या फडात काय चालले आहे

आपल्या कार्यक्षेत्रात को. ८६०३२ वर सभासदांचा जीव आहे. जातच तशी गुणी. को. सी. ६७१ ची साखर तिच्यात उतरली आहे. पण नावातील ८६ म्हणजे १९८६. त्या साली तिला क्रमांक मिळाला, नंतर वर्षानुवर्षे चाचण्या झाल्या आणि १९९० नंतरच्या दशकात ती आपल्या भागात आली. हजारो रोपांतून एखादे निवडायला बारा-पंधरा वर्षे लागतात. आज तुम्ही ज्या उसाचे पैसे घेता त्याचा संकर ज्यांनी केला, त्यांतले बरेच जण केव्हाच निवृत्त झाले. फुले २६५ आणि त्यानंतरच्या जाती आल्या, पण पुष्कळांनी त्यांना बांधाच्या आत येऊ दिलेले नाही. चांगल्या जातीवर विसंबणे चुकीचे नाही. एकाच जातीवर विसंबणे चुकीचे आहे.

त्याहून मोठे दुखणे बेण्याचे. खोडवा तोडायला आला की त्यातलेच चार वाढीव ऊस बाजूला काढायचे आणि बेणे म्हणून लावायचे. 'घरचं आहे, फुकट आहे.' अहो, ते फुकट नाही. बेण्याबरोबर काणी येते, गवताळ वाढ येते, दर पिढीला जोम कमी होतो. मूलभूत, पायाभूत, प्रमाणित असा त्रिस्तरीय बेणे मळा ठेवायचा, मूलभूत बेण्याला ५४ अंश उष्ण बाष्प हवेत अडीच तास ठेवायचे, नऊ ते अकरा महिन्यांचे रसरशीत बेणे वापरायचे आणि तीन-चार वर्षांनी बदलायचे, हे सगळे संशोधनच आहे. फक्त ते वर्तमानपत्रात येत नाही.

येथे आमचीही एक चूक कबूल करतो, कारण नुसते सभासदांना बोल लावणे बरे दिसत नाही. काही वर्षांपूर्वी आडसाली लागणीच्या ऐन घाईत बेण्याला मागणी फार झाली. प्रक्रियेच्या यंत्रात एका वेळी मावते ते थोडे. गटागटातून निरोपावर निरोप. तेव्हा आमच्या खात्याने प्रक्रिया न झालेल्या प्लॉटचे थोडे बेणे पायाभूत म्हणून वाटले. पुढच्या उन्हाळ्यात एका सभासदांनी निरोप धाडला. गेलो. त्यांनी आम्हांला फडात आत नेले आणि शेंड्यातून बाहेर आलेला काणीचा काळा चाबूक दाखवून एवढेच म्हणाले, "साहेब, हे तुमचं पायाभूत." आम्हांला उत्तर देता आले नाही. त्या दिवसापासून प्रक्रियेची नोंदवही भरल्याशिवाय बेण्याची एक मोळीही मळ्याबाहेर जात नाही. ती वही कोणत्याही सभासदाने केव्हाही येऊन पाहावी. सांगायचा मुद्दा असा की कोइमतूर आणि पाडेगावची चाळीस वर्षांची मेहनत एका कारकुनी घाईने वाया जाऊ शकते.

हिशेब

'टनेज वाढेल, पण दराचे काय? दर काय शास्त्रज्ञ ठरवतो?' हा सवाल रास्त आहे. दर शास्त्रज्ञ ठरवत नाही. साखर जास्त झाली की भाव पडतो, हेही खरे, आणि जावाची गोष्ट आम्ही त्यासाठीच सांगितली. पण हिशेबातला एक भाग आपल्या हातात आहे. २०२५-२६ हंगामासाठी रास्त व किफायतशीर दर १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये ठरला आणि त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे वाढ. म्हणजे टनाला ३४ रुपये ६० पैसे. उतारा अर्ध्या टक्क्याने वाढला तर टनामागे १७३ रुपये. एकरी ३५ टन धरा, एकराला सहा हजारांच्या वर. पाणी तेच, जमीन तीच.

आणि यात मेख अशी की हा उतारा कारखान्याचा सरासरी धरतात. तुमचा एकट्याचा कोणी मोजत नाही. तुम्ही शुद्ध बेणे लावले आणि शेजाऱ्याने काणीचा खोडवा, पाला-वाढ्यासकट, वेळ टळल्यावर पाठवला, तर दोघांचा रस एकाच टाकीत जातो. म्हणून 'माझ्या शेतात मी काहीही लावीन' हे सहकारात चालत नाही. देशाच्या संशोधनाचे फळ एकट्याने खायचे म्हटले तरी खाता येत नाही, आणि एकट्याने नासवले तर सगळ्यांचे नासते.

लहान सभासद म्हणतात, 'आमची जमीन दोन एकर. नव्या जातीचा धोका आम्ही कसा पत्करावा?' बरोबर आहे. त्यांनी पत्करूच नये. धोका कारखान्याने घ्यावा, त्यासाठीच तो खर्च आहे. प्रत्येक गटात ज्यांची ऐपत आणि तयारी आहे अशा सभासदाच्या दहा गुंठ्यांवर नवी जात लावायची, शेजारी को. ८६०३२ लावायची, दोन्हींचे वजन आणि उतारा लिहून ठेवायचा आणि तोडणीच्या दिवशी गटाला बोलावून दाखवायचा. आपल्याच मातीतला, आपल्याच पाण्यावरचा आकडा डोळ्यांनी पाहिला की मग कोणाचे व्याख्यान लागत नाही. जो आकडा खराब येईल तोही आम्ही या अंकात छापू. आपल्या भागात न चालणारी जात लवकर कळणे हाही फायदाच.

हल्ली मोबाईलवरून पाणी आणि खत सांगणाऱ्या तंत्राची चर्चा फार आहे. बारामतीच्या प्रयोगाविषयी रोज कोणीतरी विचारतो. चांगले आहे, शिकावे. पण आमच्या टेबलावर माती परीक्षणाच्या पिशव्या मोजक्याच येतात. जमीन क्षारपड झाली आहे की नाही हे ज्याला ठाऊक नाही, त्याला यंत्र तरी काय सांगणार?

त्या तरुण सभासदांना आमचे उत्तर असे. देश निबंधांत तिसरा आहे आणि तुमचे टनेज जागच्या जागी आहे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, कारण मधली वाट अरुंद आहे. ती रुंद करायला सरकारने पैसा द्यावा, कारखान्याने बेणे मळा आणि प्रयोग प्लॉट नेटाने चालवावेत आणि सभासदांनी शेवटची शंभर पावले आपली समजून चालावीत.

तेव्हा विनंती एवढीच. आडसाली लागणीपूर्वी बेण्याची मागणी आपल्या गटाच्या शेतकी कार्यालयात नोंदवावी. मातीचा नमुना बरोबर आणावा. दहा गुंठे प्रयोगाला द्यायची ज्यांची तयारी असेल त्यांनी नाव द्यावे. आणि वार्षिक सभेत खर्चाचा विषय निघेल तेव्हा जरूर हिशेब विचारावा, कडक विचारावा. आम्ही नोंदवह्या घेऊन हजर राहू. पण हिशेब पाहिल्याशिवाय हात वर करू नये.

कळावे,
ऊस विकास अधिकारी